एक जूनचे पहिलवान

कवठदरीच्या मारुतीसमोर त्या दिवशी इतकी गर्दी लोटली होती, की खुद्द मारुतीला समोरचं काही दिसत नसावं. गोरेगावहून दोन जीपा भरून माणसं आली होती. तिसरी वाटेत बंद पडली, तर तिच्यातली माणसं तिला तिथंच टाकून पायी आली होती. कडुनिंबावर पोरं लटकलेली, देवळाच्या कट्ट्यावर म्हातारे, आणि मधोमध हलगी कडाडत होती. साल चौऱ्याहत्तर, संक्रांत नुकतीच सरलेली. दुष्काळातून बाहेर पडून लोकांना जेमतेम एक हंगाम झाला होता. पोटात दोन घास गेले, की माणसाला चमत्काराची भूक लागते.

आखाड्यात एका बाजूला तांड्यावरचा देवला होता, दुसऱ्या बाजूला गोरेगावचा वीस वर्षांचा गडी. दोघांनी शड्डू ठोकले, हात मिळाले, माती उडाली, आणि लोक नीट सरसावून बसायच्या आत गोरेगावचा गडी पाठीवर पडून आभाळ बघत होता.

तेवढ्यात वज्रांगबाबा आखाड्यात आले. अंगाला राख, गळ्यात मण्यांची माळ, पोट असं की आधी ते आत आलं नि मागून बाबा आले. समोरचे दोन दात नव्हते. हिमालयात वाघाशी कुस्ती झाली, तेव्हा वाघ जाताना ते घेऊन गेला, असं बाबा सांगत. वाघाला दातांची काय टंचाई, हे कोणी विचारलं नव्हतं. बाबांनी एक कागद डोक्यावर धरला.

“भक्तजन हो! या बालकाची उमर किती? बारा साल! मी नाही म्हणत, सरकार म्हणतं! हा बघा शिक्का, ही बघा सही! बारा साल का बच्चा, बीस साल का पठ्ठा चीत! ही करणी कुणाची? वज्रकाढ्याची! बोलो बजरंगबली की...”

“जय!” गर्दी गरजली.

“बारा वर्साचं लेकरू!” एक म्हातारा शेजारच्याच्या मांडीवर थाप मारून म्हणाला, “बारा वर्साचा व्हतो तवा मला माझी चड्डी सांभाळता येत नव्हती.”

गर्दीच्या मागं, विहिरीच्या काठाशी शाळेचे मुख्याध्यापक जळबा गुरुजी उभे होते. कागदावरची सही त्यांची होती. आठ दिवसांपूर्वी बाबांचा माणूस देवलाच्या वयाचा दाखला मागायला आला, तेव्हा गुरुजींनी रजिस्टर उघडलं, होतं ते उतरवलं, सही केली, शिक्का मारला. जन्मतारीख एक जून एकोणीसशे बासष्ट. म्हणजे दाखला खरा होता. आणि तरीही डोळ्यांपुढं घडलेलं त्यांना पटत नव्हतं. भुताखेतांवर, बाबाबुवांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. घरात बुद्धाची तसबीर आणि दोन फळ्या भरून पुस्तकं होती. पण चमत्काराला आपल्याच सहीचा टेकू लागलेला बघून त्यांचं तोंड कडू झालं.

बाबा दिवाळीनंतर गावात आले आणि मारुतीच्या मागं त्यांनी तालीम काढली. काढ्याची चव सगळ्या गावाला ठाऊक होती. गूळ, सुंठ, ओवा आणि एक मुळी, जिचं नाव घेतलं तर गुण जातो. काढा फुकट होता. फक्त मारुतीसाठी घरटी तूप आणायचं. मारुतीची भूक बाबांच्या पोटाबरोबर वाढत होती.

तालमीचा नियम एकच होता. पाच वर्षांचं पोर असो की सोळाचं, सगळ्यांनी एका रांगेत उभं राहायचं, तीनशे बैठका काढायच्या आणि मग खांद्यावर दगड घेऊन देवळाला अकरा फेरे घालायचे. “मारुतीपाशी लहान-मोठा भेद नाही,” असं बाबा म्हणत. मारुतीनं लहानपणी सूर्य गिळायला उडी मारली होती आणि हनुवटी फोडून घेतली होती, ही गोष्ट मात्र बाबा अर्धीच सांगत.

त्या रांगेच्या शेवटी मुंजा असायचा. केशरबाईचा एकुलता एक. बाप चार वर्षांपूर्वी गेला, आई लोकांच्या रानात खुरपायला जायची. पोरगं हुशार, पण अंगानं एवढंसं. वर्गात देवलाला ‘पायली’ म्हणत आणि मुंजाला ‘चिपटं’, एक धान्याचं मोठं माप, दुसरं चिमुकलं. दोघं सहावीत, एकाच बाकावर. रजिस्टरात दोघांची जन्मतारीखही एकच. बाबांना हे कळलं, तेव्हा त्यांना जणू गुप्तधन सापडलं.

“एक दिन, एक साल!” बाबा दोघांना शेजारी उभं करून सांगत. “हा बघा देवला, याच्या बापानं तूप हात राखून नाही दिलं. आणि हे बघा चिपटं! काढा तोच, मंत्र तोच, गुरू तोच. मग फरक कशाचा?” इथं ते केशरबाईकडं बघत. “आईच्या भक्तीचा!”

केशरबाई मान खाली घालायची. दुसऱ्या दिवसापासून घरातल्या शेळीचं दूध बाबांच्या गडव्यात जाऊ लागलं आणि मुंजाच्या ताटात कोरडी भाकरी उरली. बैठका तीनशेच्या पाचशे झाल्या.

फेब्रुवारी उजाडेपर्यंत मुंजा लंगडायला लागला. उजव्या गुडघ्याच्या खाली सुपारीएवढं टेंगूळ आलं. हात लावला की पोर कळवळायचं. बाबांनी ते टेंगूळ सगळ्या तालमीला दाखवलं.

“जोर येऊन राहिला! आधी गुडघ्यात साठतो, मग अंगभर चढतो! मारुती गुडघ्यात उतरला!”

बायका त्या गुडघ्याला हळद-कुंकू लावून गेल्या. एकीनं तर त्याच्यासमोर नारळ वाढवला. अक्कल गुडघ्यात असलेली माणसं गुरुजींनी पुष्कळ पाहिली होती, पण देव गुडघ्यात असलेला पहिल्यांदाच पाहिला.

ते केशरबाईच्या घरी गेले.

“बाई, लेकराला तकलीफ होऊन राहिली. दिसत न्हाई का तुमाला?”

“दिसती गुर्जी. काहून न्हाई दिसणार? रातीला कण्हतंय.” तिनं पदर तोंडाला लावला. “पण त्या देवलाच्या अन् याच्या वयात एका दिसाचा फरक न्हाई. तुमीच तर लिवलंय. मंग माझंच असं काहून? माझ्याच भक्तीत खोट आसंल.”

रागानं घरी येताना त्यांनी ठरवलं, या बाबाची एक तरी लबाडी उघडी पाडायचीच.

सोपी लबाडी समोरच उभी होती. देवळापाशी बाबांनी सागाचा एक खांब पुरला होता, ‘वाढीचा खांब’. नवं पोर आलं की संध्याकाळी फेरे झाल्यावर त्याला खांबाला टेकवून डोक्याच्या उंचीवर चाकूनं खाच पाडायची. मग काढा पाजून घरी पाठवायचं. सकाळी उठल्या उठल्या, न बसता, न बोलता, त्याला परत खांबाशी आणायचं. आणि काय आश्चर्य! डोकं खाचेच्या वर, चांगलं अर्धं बोट. एका रात्रीत! त्यानंतर त्या पोराला पुन्हा खांबाशी उभं करत नसत. “वाढ एकदा मोजावी. परत मोजली तर लाजते,” म्हणे.

गुरुजींनी पुस्तकं चाळली आणि त्यांना हवं ते मिळालं. त्यांनी सटवाजीला गाठलं. सटवाजी गोरेगावच्या बाजारात हमाली करायचा, वय पंचेचाळीस, काढ्याचा थेंब न प्यालेला. दिवसभर पोती वाहून आला, तेव्हा गुरुजींनी त्याला शाळेच्या भिंतीशी उभं करून रेघ मारली. सकाळी अंथरुणातून थेट आणून परत रेघ मारली. सटवाजी बोटभर वाढला होता.

“बघा!” गुरुजी जमलेल्या लोकांना म्हणाले. “आपल्या पाठीच्या कण्यात मणके असतात, अन् मणक्यांच्या मधी मऊ गाद्या. दिवसभर उभं राहून, वजन वाहून त्या दबतात. रातभर आडवं पडलं की फुगतात. सकाळी प्रत्येक माणूस जरा उंच असतो. हे काढ्यानं होत न्हाई, झोपेनं होतं.”

लोकांनी माना डोलावल्या. गुरुजींना वाटलं, जिंकलो. मग सटवाजी हळूच आपल्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाला, “पंचेचाळिसाव्या वर्सी वाढलो, गुर्जी. काढा बी न घेता. नुसती बाबाच्या तालमीवरून चक्कर मारली व्हती काल.”

झालं. त्या संध्याकाळी सगळ्या गावानं शाळेच्या भिंतीवर रेघा मारून घेतल्या आणि दुसऱ्या सकाळी परत मोजून घ्यायला सगळे उभे! म्हातारे वाढले, सासवा वाढल्या. तीन महिने बाजेवर पडून असलेला एक आजोबा उचलून आणला. तो मात्र तसूभरही वाढला नाही, तेव्हा लोक म्हणाले, त्यानं बाबांना पूर्वी शिवी दिली होती. दुपारपर्यंत निकाल लागला. बाबांच्या हवेनंच गाव वाढून राहिलं. संध्याकाळी कोणीतरी परत मोजलं, तर सगळे खाली आलेले. आता काय? त्याचाही निकाल लागला. मास्तरची नजर लागली. सटवाजीच्या बायकोनं मीठ-मोहऱ्या घेऊन नवऱ्याची दृष्ट काढली आणि आठ दिवस गुरुजींशी कोणी धड बोललं नाही.

इकडं बाबांना जोर चढला. त्यांनी जाहीर केलं, हनुमान जयंतीच्या फडात मुंजा आणि देवला यांची कुस्ती होणार. “एक दिन के दो बच्चे! बराबरीची जोड!” देवला जिंकला तरी काढा जिंकणार, मुंजा जिंकला तर काढ्याचा महिमा दुप्पट. बाबांच्या बाजारात तोट्याचा सौदाच नव्हता.

देवला मात्र शाळा सुटल्यावर मागं रेंगाळला. त्याचा आवाज घोगरा झाला होता आणि वरच्या ओठावर कोवळी लव होती.

“गुर्जी, मला न्हाई खेळायचं चिपट्यासंगं. मोडून जाईल त्यो. बाबाला सांगितलं तर म्हणे, तू खेळला न्हाईस तर मारुती कोपतो.”

दुसऱ्याच दिवशी केशरबाई कामावर गेली तशी गुरुजींनी मुंजाला घेतलं, जीपमध्ये बसवलं आणि हिंगोलीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर पद्माबाईंनी गुडघा तपासला. त्यावरचं कुंकू पुसताना त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“काय करतो हा?”

“पाचशे बैठका. वर दगड घेऊन पळणं.”

“आणि तुम्ही शिक्षक!” बाई कडाडल्या. “हे बघा, मांडीचा दणकट स्नायू इथं, गुडघ्याखाली, हाडाला बांधलेला असतो. वाढत्या वयात तिथलं हाड पक्कं नसतं, कच्चं असतं. रोज पाचशे हिसके दिले की ते सुजतं, सुटायला येतं. याला जोर येणं म्हणत नाहीत, इजा म्हणतात. आता विश्रांती. नंतर पळू द्या, झाडावर चढू द्या, आपल्याएवढ्या पोरांशी दंगा करू द्या. थकला की थांबू द्या. पण मोठ्या गड्याच्या अंगाखाली हा गेला, तर हाडाचा तुकडा निघून येईल. जन्माचा लंगडा होईल.”

“मोठा गडी न्हाई, बाई. याच्याच वयाचा आहे. ओठावर लव आलीय त्याला, आवाज फुटलाय, पण वय बाराच.”

“एका वयाची दोन पोरं एकसारखी वाढत नाहीतच. एक लवकर फुटतो, एक उशिरा. पण एवढा फरक...” बाईंनी चष्म्यावरून बघितलं. “बाराच, हे कशावरून?”

“शाळेच्या रजिस्टरवरून.”

“आणि रजिस्टर कोणी लिहिलं?”

परतीच्या जीपमध्ये मुंजा त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपला होता आणि गुरुजी खिडकीतून बघत होते, तरी त्यांना रस्ता दिसत नव्हता.

भर दुपारी त्यांनी शाळा उघडली आणि रजिस्टर काढलं. एकोणसत्तर पोरं. त्यांतली एकसष्ट एक जूनला जन्मलेली. कवठदरीत दरवर्षी एकतीस मेच्या संध्याकाळी सगळ्या गरोदर बायांना एकदम कळा सुटत असाव्यात! अक्षर मात्र सगळीकडं त्यांचंच होतं, सुबक आणि वळणदार.

मग सगळं आठवलं. अडुसष्ट सालचा जून. पहिलीत घालायला पोर एक जूनला सहा वर्षांचं पुरं लागायचं, आणि जन्मतारीख कोणा आईबापाला ठाऊक नसायची. केशरबाई मुंजाला घेऊन आली, तो सहाला पाच-सहा महिने कमी होता. गुरुजींनी ओढून सहाचा केला. त्याच दिवशी तांड्यावरचे वसराम नाईक आपल्या देवलाला घेऊन आले. तो चांगला आठ-नऊ वर्षांचा. पहिलीत एवढा घोडा बसवला तर साहेब विचारतील, आणि उद्या पोराला नोकरी लागली तर तीन वर्षं जास्त मिळतील, असा विचार करून गुरुजींनी त्याला छाटून सहाचा केला. भलं करायलाच केलं होतं. तो एक जून आता एका लेकराचा गुडघा मोडायला निघाला होता.

हे गावासमोर सांगायचं म्हणजे वीस वर्षांच्या नोकरीवर आपल्याच हातानं काट मारायची. गुरुजींनी रजिस्टर मिटलं, परत उघडलं, परत मिटलं. चार दिवस त्यांचं असंच चाललं होतं. केशरबाईला डॉक्टरांचं सांगितलं, तर ती रडली आणि म्हणाली, बाबा म्हणतात, डॉक्टरीण सुईनं जोर काढून घेते.

हनुमान जयंतीला नरसीपासूनची माणसं फडाला आली. नारळाच्या इनामाच्या छोट्या कुस्त्या झाल्या, आणि हलगीचा ठेका बदलला. एकीकडून देवला आला, मान खाली घातलेला. दुसरीकडून बाबांनी मुंजाला हाताला धरून आणलं. लाल लंगोट त्याच्या कमरेवर राहत नव्हता, म्हणून केशरबाईनं सुतळीनं बांधला होता. पोर एका पायावर भार देऊन उभं होतं. बाबांनी दाखल्याचा कागद उंच धरला.

“एक दिन, एक साल, एक शिक्का! बराबरीची...”

“न्हाई बराबरीची!”

जळबा गुरुजी काखेत रजिस्टर मारून गर्दीतून येत होते. आखाड्याच्या काठाशी ते थांबले, वहाणा काढल्या आणि मातीत उतरले. हलगी आपोआप थांबली.

“ही जोड सोडवा.”

बाबा हसले. “मास्तर, या कागदावर सही कोणाची?”

“माझी.”

“शिक्का?”

“माझ्या शाळेचा.”

“मग यात खोटं काय?”

“तारीख,” गुरुजी म्हणाले. पुढचं त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. “एक जून मी लिहिली. मनानं लिहिली. देवलाची तीन वर्षं मी कापली, मुंजाला पाच महिने मी वाढवलं. देवला बारा वर्षांचा न्हाईच. पंधरावं सरत आलंय त्याचं. बाबानं त्याला मोठा केला न्हाई, मी त्याला कागदावर लहान केला.”

मग एकच कालवा उठला. शिक्का खरा म्हटला की गाव डोळे मिटून मानतं. ज्यानं मारला तोच खोटा म्हणाला, तर गावाला वाटतं, मारणाराच बिघडला.

“सरकारी शिक्का खोटा कसा आसंल?”

“बाबाला पाडायला मास्तर सवताला खोटं ठरवून राहिला!”

गुरुजींनी गर्दीत वसराम नाईकांना शोधलं. देवलाचा बाप. तांड्याच्या सात पिढ्या बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ वाहण्यात गेलेल्या. आता शेती होती, पण बैल घ्यायचा तर दहा गावचे लोक आधी नाईकांना बोलावून नेत.

“नाईक, पोराचं वय तुमाला ठाऊक होतं. बोललात काहून न्हाई?”

“मला वाटलं, दोन वयं असत्यात,” नाईक शांतपणे म्हणाले. “एक अंगाचं, एक कागदाचं. कागूद तुमचा. आमी अडाणी, त्याच्यात काय बोलावं?”

“बरं. बैल घेताना तुमी कागद बघता का?”

“बैलाला कुठला आलाय कागूद? दात बघतो.”

“मग बघा ना, नाईक. हे दोन गोऱ्हे उभे हायेत.”

लोक हसले, पण नाईक हसले नाहीत. हा त्यांचा धंदा होता. ते धोतर सावरून आखाड्यात आले, आधी स्वतःच्या पोराचा जबडा धरला आणि उन्हाकडं तोंड करून आत बघितलं. सगळा फड माना उंच करून बघू लागला.

“मागची दुसरी दाढ वर-खाली चारी बाजूनं पुरी,” नाईकांनी पुकारा केला. “नवी न्हाई. दोन-तीन वर्सं भाकर खाल्लेली दाढ हाये.”

मग मुंजा. “आ कर बाळा. हां. दुसरी दाढ हिरडीतच. अन् ही कडंची... ही तर हलून राहिली.” नाईकांनी बोट घालून चाचपली, आणि ती त्यांच्या हातातच आली. मुंजानं “आई!” म्हणून तोंड दाबलं. नाईकांनी तो इवला दात दोन बोटांत धरला आणि बाबांच्या कागदाइतकाच उंच केला.

“दुधाचा दात!” नाईक गरजले. “आरं, अदात गोऱ्ह्याला आमी नांगराला जुपत न्हाई, कंबरंतून जातंय म्हून! अन् तुमी दुधाचे दात न पडलेल्या लेकराला दात जुळलेल्या बैलाम्होरं उभं करून राहिले?”

गर्दीतून वाट काढत रूपाबाई पुढं आली. गावची सुईण, अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. “मी सांगते. देवला महाराष्ट्र झाला तवा रांगत व्हता. शाळंत पेढे वाटले अन् यानं माझ्या हातातला पेढा हिसकून घेतला. अन् मुंजा झाला तवा चीनची लढाई चालू व्हती. दिवाळीचे दिस. कोनी इचारलंच न्हाई मला. समदे त्या कागदालाच इचारून राहिले.”

बाबांनी हार मानली नाही. हार मानेल तो बाबा कसला! त्यांनी दोन्ही हात वर केले. “भक्तजन हो! दाढाच तर चमत्कार! त्या माझ्या काढ्यानं आल्या! वज्रकाढ्यानं पाच महिन्यांत दात फुटतात!”

रूपाबाईनं त्यांच्याकडं निरखून बघितलं.

“मंग बाबा, तुमचे म्होरचे दोन काहून न्हाई आले?”

आधी कडुनिंबावरची पोरं खिदळली, मग कट्ट्यावरचे म्हातारे, मग सगळा फड. गोरेगावचा तो चीत झालेला गडी तर पोट धरून मातीत लोळला. बाबा काहीतरी बोलत होते, पण बोळक्या तोंडाकडं बघून लोकांना आणखीच हसू फुटत होतं. वाघ जे करू शकला नव्हता, ते एका सुईणीनं केलं. दुसऱ्या दिवशी तालमीत फक्त तुपाचे रिकामे डबे आणि वाढीचा खांब उरला होता.

हसण्याच्या त्या गदारोळात केशरबाई मुंजाजवळ बसली होती. लंगोटाची सुतळी सोडता सोडता तिनं वर बघितलं.

“गुर्जी... म्हंजी माझ्या भक्तीत खोट नव्हती?”

“खोट माझ्या पेनात होती, बाई,” गुरुजी म्हणाले. ते मग फडाकडं वळले. “ऐका. सकाळी माणूस वाढतो ते झोपेनं. देवला जिंकतो ते वयानं. ह्या दोन गोष्टी अन् माझी एक चूक, एवढाच तुमचा चमत्कार. अन् खरोखर एका दिवशी जन्मलेली दोन पोरं असली, तरी एक आधी वाढतं, दुसरं मागून. त्यात ना भक्ती, ना कोप. ज्वारी एका दिवशी पेरली तरी सगळी कणसं एका दिवशी भरतात का? मग लेकराला एका रांगेत उभं करून तीनशेचा हिशोब कशाला? त्याच्या अंगाला झेपंल तेवढं द्या, दूध त्याला पाजा, अन् दुखतं म्हणलं की थांबवा. बैलाला जेवढी समजूत दाखवता, तेवढी पोराला दाखवा. बाबा लागत न्हाई त्याला, डोळे लागतात.”

देवलानं मुंजाला पाठीवर घेतलं आणि घरापर्यंत पोचवलं. त्या फडातली तेवढीच त्यांची गाठ.

गुरुजींनी आपली चूक स्वतःच परभणीच्या शिक्षण खात्याला लिहून कळवली. तिकडून ठपका आला, तो त्यांनी रजिस्टरच्या पहिल्या पानावर डकवला. पुढं जूनमध्ये कोणी आई म्हणायची, “एक जूनच लिवा ना गुर्जी, सोपं पडतंय,” की ते पेन खाली ठेवायचे, रूपाबाईला बोलावणं धाडायचे आणि विचारायचे, “रानात तेव्हा काय उभं होतं? ज्वारी का हरभरा?”

मुंजाचा गुडघा पावसाळा संपता संपता बरा झाला. दोन वर्षं तो तेवढाच राहिला. तिसऱ्या वर्षी, कोणी काही न पाजता, तो एकाएकी वाढू लागला. शाळेच्या भिंतीवर सटवाजीची रेघ होती, ती त्यानं मागं टाकली. तेव्हा केशरबाई शाळेत आली. “गुर्जी, आता म्हणतोय कुस्ती खेळतो. धाडू का?”

“मला काहून विचारता? त्याला विचारा. अन् त्याच्या गुडघ्याला विचारा.”

आसपासची गावं अजून चिडवतात, की कवठदरीची अक्कल गुडघ्यात. जळबा गुरुजी त्यावर कधी चिडले नाहीत. ते म्हणायचे, खरं आहे. त्या दिवसांत सगळ्या गावात अक्कल होती ती त्या एका गुडघ्यातच. तो रोज सांगत होता, दुखतंय, थांबा. आम्हीच त्याला कुंकू लावत बसलो.